चुलीपुढचे श्रम आणि चळवळीचे मौन

जनगणनेचा प्रगणक दाराशी येतो, घरातील माणसे मोजतो आणि प्रत्येकाचा व्यवसाय विचारतो. पुरुषांची उत्तरे झटपट मिळतात. शेती, मजुरी, दुकान, नोकरी. घरातल्या बाईची पाळी आली की उत्तर बहुधा तिच्याऐवजी दुसराच कोणी देतो: “ती काही करीत नाही, घरीच असते.” हे उत्तर जळगाव शहराला लागून असलेल्या पिंप्राळ्यात मिळते, शहाद्याच्या पाड्यावर मिळते आणि पुण्या-मुंबईच्या सदनिकेतही मिळते. कित्येकदा ते ती बाई स्वतःच देते. २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केली. त्या निमित्ताने या तीन शब्दांच्या उत्तराचा हिशेब एकदा मांडणे अगत्याचे आहे.

२०११ च्या जनगणनेत जी व्यक्ती आर्थिक स्वरूपाचे काम करीत नाही तिची नोंद ‘काम न करणारी’ अशी झाली. या वर्गाचे पुढे पोटभाग पाडलेले होते: विद्यार्थी, घरकाम करणारे, परावलंबी, निवृत्तिवेतनधारक, भाडे-व्याजावर जगणारे, भिकारी आणि इतर. घरकाम हेच आपले मुख्य काम असल्याचे त्या गणनेत सुमारे १५ कोटी ९८ लाख स्त्रियांनी सांगितले. असे सांगणारे पुरुष ५८ लाखांच्या आत होते. म्हणजे सोळा कोटी माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतात आणि राष्ट्राच्या खातेवहीत त्यांची जागा भिकाऱ्यांच्या रांगेत लागते. या वर्गीकरणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका अपघात-भरपाईच्या निकालात कडक ताशेरे ओढले. तरीही समाजाच्या मनातले वर्गीकरण बदललेले नाही, आणि परिवर्तनवादी म्हणविणाऱ्या पक्षांच्या मनातले तरी कितपत बदलले आहे, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही.

‘घरीच असणे’ म्हणजे नेमके काय, हे खानदेशात वेगळे सांगावयास नको. पाणी येण्याच्या वेळेला बांधलेली सकाळ, भाकऱ्या, धुणे, भांडी, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांची औषधे, दारी जनावर असल्यास शेण आणि चारा. चैत्र-वैशाखात बिबड्या, कुरडया, पापड, सांडगे यांची उन्हाळकामे. ती आळीतल्या बायका एकमेकींकडे जाऊन उरकतात आणि त्यांवर घराचे वर्ष निघते. आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात रथ निघतो, पाहुणेरावळे जमतात. रथ ओढणाऱ्यांचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी किती चुली किती वेळ पेटत्या राहिल्या, हे कोणी मोजीत नाही. ज्या घरी शेती आहे किंवा मजुरीवाचून भागत नाही, तेथील बाई एवढे सारे करून पुन्हा कापूस वेचावयास वा निंदणीला जाते. तरीही प्रगणकाला मिळणारे उत्तर पुष्कळदा तेच असते.

हे मोजमाप सरकारने एका बाजूला केलेलेही आहे. २०२४ च्या राष्ट्रीय काल-उपयोग पाहणीनुसार घरच्या माणसांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात. असे काम करणाऱ्या पुरुषाची ८८. मुलांची व आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती निराळी. शिवाय पुरुषांची ही सरासरी केवळ घरकामाला हात लावणाऱ्यांची आहे. जो हातच लावीत नाही तो या हिशेबात नाही, आणि अशांची संख्या मोठी आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, ही निसर्गाची वाटणी आहे. बाईचे घर आणि पुरुषाचे बाहेर, हे परापूर्वीपासून चालत आले आहे. वस्तुतः हे परापूर्वीचे नाही. ज्याला आज ‘घर’ म्हणतात ती जागा शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी खानदेशात एक उत्पादनशाळा होती. दळण घरोटावर होई. कपाशीतली सरकी हाताने वेगळी केली जाई, सूत काढले जाई. दूध-तूप, बी-बियाणे, साठवणीचे धान्य सारे बाईच्या हाताखालून जाई. बहिणाबाई चौधरींच्या गाण्यांत चूल, घरोट, पेरणी आणि मळणी एकाच श्वासात येतात, याचे कारण त्यांच्या जगण्यात ती निरनिराळी नव्हतीच. असोद्यात १८८० साली जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या, अक्षरओळख नसलेल्या, तिशीत वैधव्य आलेल्या या बाईंनी शेत आणि घर दोन्ही ओढले. त्यांची गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली म्हणून उरली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. २०१८ पासून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण त्यांच्यासारखे जगणाऱ्या स्त्रीला खानेसुमारीने काय म्हटले असते? फार तर शेतकऱ्याची विधवा.

उत्पादन घरातून बाहेर गेले ते आपोआप नव्हे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात खानदेशात आगगाडी आली, आणि कापसाची पेठ म्हणून जळगाव भरभराटले. पुढे जिन-प्रेस आल्या, जळगाव-अमळनेर-धुळ्यात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. सरकी काढण्याचे आणि सुताचे काम घरातून यंत्रावर गेले. पीक रोकडीचे झाले आणि रोकड पुरुषाच्या हाती आली. ज्या कामाचे पैसे आले ते ‘काम’ ठरले. ज्याचे आले नाहीत ते ‘घरचे’ म्हणून मागे राहिले. बाईचे राबणे कमी झाले नाही. त्या राबण्याचे नाव तेवढे पुसले गेले.

ज्या देशाच्या युद्धाने खानदेशाच्या कापसाला भाव आणला, त्या देशात हेच स्थित्यंतर दोन पिढ्या अगोदर घडून गेले होते. त्याच्या नोंदी तेथे अधिक तपशिलाने राहिल्या आहेत, म्हणून त्या पाहण्याजोग्या आहेत. अठराव्या शतकात अमेरिकेतील इंग्रजी वसाहतींचे शेतकरी घरही कारखानाच होते. साबण, मेणबत्त्या, चीज, सूत, कापड घरातल्या स्त्रिया करीत. मेन प्रांतातील हॅलोवेल गावच्या मार्था बॅलार्ड या सुईणीने १७८५ पासून १८१२ पर्यंत रोजनिशी लिहिली. तीत आठशेहून अधिक बाळंतपणांची नोंद आहे आणि तिच्या घरी चाललेल्या विणकामाचा, देण्याघेण्याचाही हिशेब आहे. इतिहासकारांनी दीर्घकाळ त्या रोजनिशीकडे क्षुल्लक घरगुती बाबींचे टिपण म्हणून पाहिले. १९९० मध्ये लॉरेल थॅचर अलरिक यांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे कळले की ज्याला क्षुल्लक म्हटले जात होते तीच त्या गावाची अर्थव्यवस्था होती.

परंतु काम होते म्हणून अधिकार होता असे मुळीच नव्हे. इंग्रजी कायद्यानुसार लग्न होताच स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विलीन होई; तिची मिळकत त्याची, तिची मजुरीही त्याचीच. इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घातला गेला, तेव्हा घरोघर सूत काढून स्त्रियांनी तो यशस्वी केला. खादीची चळवळ पाहिलेल्या देशाला यात ओळखीचे काही सापडेल. ३१ मार्च १७७६ रोजी ॲबिगेल ॲडम्स यांनी आपल्या पतीला पत्र लिहून, नवे कायदे करताना स्त्रियांचा विसर पडू देऊ नका, असे बजावले. जॉन ॲडम्स यांनी ते हसण्यावारी नेले. न्यू जर्सी राज्यात मिळकत बाळगणाऱ्या अविवाहित स्त्रिया आणि विधवा काही काळ मतदान करीत. १८०७ मध्ये तोही हक्क काढून घेण्यात आला. स्वातंत्र्य मिळाले, प्रजासत्ताक आले, आणि राबणाऱ्या अर्ध्या समाजाला परत माजघरात धाडण्यात आले.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तेथे गिरण्या उभ्या राहिल्या. लॉवेलच्या कापडगिरण्यांत शेतकऱ्यांच्या मुली कामाला गेल्या आणि १८३४ मध्ये मजुरी कापली जाताच त्यांनी संप केला. नेमक्या याच काळात मध्यमवर्गीय नियतकालिके आणि प्रवचने एक नवी मूर्ती घडवीत होती: घराची देवता, धार्मिक, शुद्ध, आज्ञाधारक, गृहकृत्यदक्ष. घराबाहेरचा बाजार क्रूर आहे, म्हणून घर हे त्याच्या झळांपासून दूर ठेवलेले मंदिर असावे आणि तेथे पुजारीण असावी, असा हा विचार. या मंदिरात स्वयंपाक कोण करते, कपडे कोण धुते, हे विचारावयाचे नव्हते. कारण तेथे श्रम नव्हते, केवळ प्रेम होते. भांडवलशाहीने उद्याचा कामगार न्हाऊ-जेवू घालून, झोपवून, ताजा करून देणारे काम फुकट मिळविले आणि त्याला पावित्र्याचे वेष्टन चढविले.

आणि ही मूर्ती सर्व स्त्रियांसाठी नव्हतीच. लॉवेलच्या मागावर चढणारा कापूस दक्षिणेतील गुलाम स्त्रियांच्या हातांनी वेचलेला होता. त्यांना घर नव्हते; मूल झाले तर तेही मालकाची मत्ता. १८३९ मध्ये मिसिसिपी राज्याने विवाहित स्त्रीला मालमत्ता धारण करण्याचा अधिकार दिला, तेव्हा ती मालमत्ता प्रामुख्याने गुलामांच्या रूपात होती. एका स्त्रीचे घरपण दुसरीच्या घर-हीनतेवर उभे राहू शकते, हे याहून स्पष्ट कशाने व्हावे? सोजर्नर ट्रूथ या गुलामीतून सुटलेल्या स्त्रीने १८५१ मध्ये ॲक्रन येथील परिषदेत उभे राहून स्त्रीहक्कांच्या चर्चेत आपल्या राबणाऱ्या देहाची साक्ष काढली, ती याच विसंगतीपायी.

महाराष्ट्राला हा धागा परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना. जात आणि गुलामी यांचा सांधा त्यांनी जुळविला, आणि स्त्रीचे दास्य त्याच साखळीतील कडी आहे हे ओळखून घरापासून आरंभ केला. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या न्यायबुद्धीची झडती घेतली. तथापि नंतरच्या काळात शिक्षित वर्गाने जो आदर्श उचलून धरला तो ‘सुगृहिणी’चा: थोडी शिकलेली, नीटनेटकी, पतीला शोभेशी आणि घराबाहेर न राबणारी. खानदेशातील भिल्ल, पावरा, कोळी, महार, मांग, लेवा, कुणबी घरांतल्या किती स्त्रियांना हा आदर्श परवडणारा होता? त्यांनी शेतही ओढले आणि चूलही. परवडला नाही तरी तो डोक्यावर बसला मात्र. घरात जरा बरे दिवस आले की सुनेला शेतावर न पाठविणे ही प्रतिष्ठा ठरली, आणि शेतावर जाणारीच्या दुप्पट कष्टांना कमीपणा आला.

चळवळींनी या कोंडीला धक्के दिले आहेत, हे मान्य केले पाहिजे. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधात स्त्रिया हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली स्वयंपाकघराचे हत्यार राजकारणात उतरले. त्याच सुमारास शहादे भागात, जो तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, श्रमिक संघटनेच्या लढ्यात आदिवासी स्त्रिया आघाडीवर राहिल्या. जमीन आणि मजुरी यांच्या मागण्यांसोबत त्यांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. घरातली मारहाण हा ‘खाजगी’ प्रश्न नव्हे, हे त्यांना शिकवावे लागले नाही. दुष्काळात रोजगार हमीच्या खडीवर स्त्रिया मोठ्या संख्येने राबल्या आणि त्या कामांतून समान मजुरीचा व पाळणाघराचा प्रश्न पुढे आला. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचा कार्यक्रम निघाला. जळगाव जिल्ह्यातील विटनेर गावाने त्यात पुढाकार घेतला. शेतकरी संघटनेच्या आर्थिक धोरणाशी समाजवाद्यांचे मतभेद असोत. या एका गोष्टीत ती संघटना अनेक समाजवाद्यांच्या पुढे गेली, हे सांगण्यात संकोच कशाला?

कारण समाजवादी चळवळीचे मौन याच जागी आहे. मोर्चाला स्त्रिया हव्यात, तुरुंगात जावयास हव्यात, मतपेटीपाशी हव्यात. पण चूल कोणी पेटवावयाची हा प्रश्न आला की तो ‘क्रांतीनंतर’च्या यादीत जातो. कार्यकर्त्यांची बैठक रात्री अकरापर्यंत चालते. शोषणावर चर्चा होते, आणि चहाचे तीन फेरे आतून येत राहतात. आतली बाई त्या चर्चेचा विषय असते, पण सभासद नसते. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या त्यागाचा गौरव होतो. त्याचा संसार जिने शिवणकाम करून, कापूस वेचून, शिकवण्या करून चालविला, तिचे नाव स्मरणिकेत ‘समर्थ साथ’ या दोन शब्दांत आटोपते. गिरणीमालक अतिरिक्त श्रम लाटतो हे ज्याला आकड्यांनिशी मांडता येते, त्याने आपल्या घरातील २८९ मिनिटांकडे पाहू नये, ही केवळ नजरचूक म्हणता येणार नाही.

या पोकळीत राज्यसंस्था आपल्या सोयीचा मार्ग काढते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना सुरू करून पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये देऊ केले. गरीब घरातील बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा पडणे ही तुच्छ गोष्ट नव्हे, आणि सुखवस्तू माणसांनी तिची टिंगल करणे अशोभनीय आहे. परंतु त्या शब्दांकडे पाहावे. ती ‘लाडकी’ आहे आणि ‘बहीण’ आहे; कामगार नाही, नागरिकही नाही. भावाने प्रसन्न होऊन ओवाळणी घालावयाची. दिवसाच्या २८९ मिनिटांचे महिन्याला साधारण १४४ तास होतात. ही रक्कम मजुरी म्हणून दिलेली नाही, पण त्या तासांनी भागली तर ताशी दहा रुपयेच पडतात. अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्याबाबतीतही हीच भाषा आहे. बालकांचे पोषण, लसीकरण, गर्भवतींची काळजी ही कामे स्त्रीच्या ‘स्वभावा’त बसतात, म्हणून त्यांना वेतन नव्हे तर ‘मानधन’. एकात्मिक बालविकास योजना १९७५ मध्ये सुरू झाली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यावयास २०२२ उजाडले. घरात फुकट आणि सरकारात अर्ध्या किमतीत, असा हा न्याय आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक असू शकतो. आईच्या हातच्या भाकरीला पैशाचे माप लावले तर मायेचा बाजार होणार नाही काय? प्रश्न मायेचा असता तर ती दोघांनाही सारखीच असावयास हवी होती. माया करणाऱ्याने भांडी घासू नयेत असा नियम कोठे आहे? न्यायालयांना मृत गृहिणीच्या श्रमाची किंमत ठरवावीच लागते. जमशेदपूरच्या १९८९ च्या आगीत बळी पडलेल्या गृहिणींच्या सेवेचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दरमहा ३००० रुपये धरले. बाई मेल्यावर तिच्या कामाला किंमत येते आणि जिवंतपणी नसते, हा व्यवहार मायेचा म्हणता येईल काय? नोंद घेतल्याने माया आटत नाही. आटते ती फुकटात मिळणारी सोय.

केवळ घरकामाचा पगार एवढीच मागणी मात्र पुरेशी नाही. तेवढ्याने बाई पगारी होईल आणि चुलीपाशीच राहील. मागणी तिहेरी असली पाहिजे. पहिली, नोंदीची: जनगणनेत आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात घरकाम व शेतीतील घरचे श्रम स्वतंत्रपणे दिसावेत आणि प्रगणकाने ते बाईलाच विचारावेत. दुसरी, मालकीची: २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहिवाटदार शेतकऱ्यांमध्ये स्त्रिया सुमारे १४ टक्के होत्या. मुलींच्या समान वारसाहक्काचा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केला. तरीही सातबाऱ्यावर बहिणीचे नाव चढण्याऐवजी तिच्या सहीचे हक्कसोडपत्र होते आणि त्याला माहेरची माया म्हणतात. तिसरी, सार्वजनिक सोयींची: दारात नळ, वस्तीत पाळणाघर, आजाऱ्यांसाठी चालणारा दवाखाना, अंगणवाडीला पुरे वेतन. यांतील एकेक सोय म्हणजे बाईच्या दिवसातील परत मिळालेला तास आहे.

आणि ज्या गोष्टीसाठी विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही, ती कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरात आहे. खानदेशाने याचा वस्तुपाठ पाहिलेला आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत, आजारी मुलाजवळ रात्र काढीत. लोक त्यांना मातृहृदयी म्हणाले आणि तेथेच थांबले. पुरुषाने ही कामे केली तर तो अपवादात्मक संत ठरावा आणि बाईने केली तर ती ‘काही करीत नाही’ असे व्हावे, ही गुरुजींची पूजा आहे, त्यांचे अनुकरण नव्हे. गुरुजींनी हेच काम सहज केले आणि गिरणी-कामगारांच्या लढ्यातही उतरले. एकामुळे दुसरे अडले नाही.

तेव्हा शाखांनी काही साधे नियम करावेत. बैठका अशा वेळी घ्याव्यात की घरातल्या स्त्रियांना त्यांत बसता येईल. बैठकीचा चहा बसणाऱ्यांनी करावा आणि भांडी त्यांनीच विसळावीत. तालुक्यातील प्रत्येक पुरुष पदाधिकाऱ्याने आपल्या सातबाऱ्यावर वा घराच्या उताऱ्यावर पत्नीचे नाव आहे काय, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र घेतले आहे काय, हे शाखेपुढे सांगावे. जनगणनेच्या आधी वस्त्यांतून स्त्रियांच्या सभा घेऊन त्यांच्या कामाची यादी त्यांच्याच तोंडून करून घ्यावी. ही कामे लहान आहेत, असे ज्याला वाटेल त्याने ती आठवडाभर करून पाहावीत. समतेचा जो विचार उंबरठ्याच्या आत जाताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवावा लागतो, त्याच्यावर बाहेरच्या लोकांनी तरी विश्वास का ठेवावा?